सागवान आणि वाडिया घराणे

कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडी किल्ल्याच्या उंचवट्यावर उभे राहिले म्हणजे उल्हास नदीचे रुंद पात्र दृष्टीस पडते. आज या पात्रावरून पूल गेले आहेत आणि काठाने शहर पसरले आहे. परंतु एके काळी कल्याण हे पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. इसवी सनाच्या सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील व्यापाराविषयी लिहून ठेवले. कल्याणहून परदेशी जाणाऱ्या मालात त्याने पितळ आणि कापड यांच्याबरोबर लाकडाच्या ओंडक्यांचाही उल्लेख केला आहे. बंदराच्या पाठीशी मुरबाड, शहापूर या बाजूची दाट राने होती. साग, ऐन, शिसव, खैर असे वृक्ष तेथे विपुल वाढत. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी ही ठाणी घेतली आणि आरमाराच्या उभारणीस येथेच प्रारंभ केला. जेथे जंगल आणि खाडी एकमेकांच्या इतकी जवळ आहेत, तेथे गलबते बांधावीत हे त्यांच्या चाणाक्ष दृष्टीने तत्काळ हेरले.

मुंबई बेटाची स्थिती मात्र निराळी होती. तेथे उत्तम, खोल बंदर होते. पण जहाजाला पुरेल असे लाकूड नव्हते आणि मोठी जहाजे बांधणारे कारागीरही थोडेच होते. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर जहाजबांधणीसाठी सुरतेची कीर्ती होती. १७३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने एक जहाज बांधून घेण्यासाठी डडली नावाच्या आपल्या अधिकाऱ्यास सुरतेस पाठवले. तेथील धनजीभाई या पारशी बांधकाऱ्याच्या हाताखाली लवजी नसरवानजी नावाचा एक तरुण मुकादम काम करीत होता. त्याचे कसब पाहून डडली थक्क झाला आणि त्याने लवजीला मुंबईस येण्याचा आग्रह धरला. तरीही लवजीने लगेच होकार दिला नाही. आधी धनजीभाईंची संमती मिळवली आणि मगच, १७३६ मध्ये, काही सुतारांना बरोबर घेऊन तो मुंबईस आला. गुजरातीत जहाज बांधणाऱ्याला 'वाडिया' म्हणतात. धंद्याचे हे नाव पुढे त्या घराण्याचे आडनाव झाले.

गोदीसाठी जागा निवडली गेली. पण लाकडावाचून गोदी ती काय? दुसऱ्याच वर्षी लवजींना लाकूड मिळवण्यासाठी उत्तरेकडे धाडण्यात आले. त्या कामगिरीवरून परतताना त्यांनी आपले कुटुंबही मुंबईस आणले. त्याच १७३७ साली मराठ्यांनी ठाणे जिंकून घेतले होते. म्हणजे मुंबईच्या अगदी शेजारचा मुलूख इंग्रजांच्या हाती नव्हता आणि लाकूड दूरदूरच्या रानांतून, मुख्यतः मलबारच्या जंगलांतून, समुद्रमार्गे आणावे लागे.

हे लाकूड सागाचेच असावे, असा आग्रह का होता? इंग्लंडमध्ये जहाजे ओक वृक्षाच्या लाकडाची बांधत. ओक बळकट खरा. परंतु त्याच्या अंगचे आम्ल लोखंडी खिळ्यांना हळूहळू खाऊन टाकते. सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे खिळे सुरक्षित राहतात, पाणी सहज मुरत नाही आणि वाळवीचेही फारसे चालत नाही. पण सागाची एक अडचणही आहे. ताजे तोडलेले ओले सागवान इतके जड असते की ते पाण्यात बुडते. मग डोंगरातील ओंडके नदीतून वाहून आणायचे कसे? यावर मलबार आणि ब्रह्मदेश येथील लोकांनी एक युक्ती योजली होती. झाड तोडण्यापूर्वी त्याच्या बुंध्याभोवती खोल कडे कोरावयाचे. मुळांकडून वर जाणारे पाणी तुटले की झाड उभ्याउभ्याच वाळू लागते. दोनतीन वर्षांनी ते तोडले म्हणजे हलके झालेले लाकूड पाण्यावर तरंगते. अर्थात एका जहाजासाठी लागणारा साग काही वर्षे आधीच हेरून ठेवावा लागे, आणि तो साग वाढण्यास तर एखाद्या माणसाचे आयुष्यही अपुरे पडे.

लवजींनी मुंबईत अडतीस वर्षे काम केले. त्यांच्याच कारकिर्दीत १७५० साली येथे सुकी गोदी बांधून तयार झाली. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यावयाचे, दार लावावयाचे आणि आतील पाणी काढून टाकावयाचे. म्हणजे जहाजाचा तळ कोरड्या जमिनीवर सावकाश दुरुस्त करता येतो. ही जुनी गोदी आजही मुंबईच्या नौदल गोदीच्या आवारात आहे.

थोरल्या कारागिराचा नातू म्हणून कुणाला आयती गादी मिळावी, हे मात्र लवजींना मान्य नव्हते. फ्रामजी आणि जमशेदजी या आपल्या दोन नातवंडांना त्यांनी गोदीत आणले, ते महिना १२ रुपये पगारावरील साधे सुतार म्हणून. हाती वाकस घेऊन लाकूड तासावयाचे, करवतीच्या खड्ड्यात उभे राहून भुसा अंगावर घ्यावयाचा आणि फळीचा सांधा पाण्याच्या थेंबालाही वाट देणार नाही असा बसवावयाचा, हीच त्यांची शाळा. १७७४ मध्ये लवजी वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. लवजींचे पुत्र माणेकजी आणि बमनजी यांनी गोदीचा कारभार पुढे चालवला. बमनजी १७९० मध्ये आणि माणेकजी १७९२ मध्ये निवर्तले, तेव्हा ते दोघे नातू मुख्य बांधकारी झाले.

यांपैकी जमशेदजी बमनजींची कीर्ती सातासमुद्रांपार गेली. फ्रान्सशी चाललेल्या दीर्घ युद्धामुळे इंग्लंडला ओकच्या लाकडाची टंचाई भासू लागली होती. तेव्हा ब्रिटिश आरमाराने आपल्या युद्धनौका मुंबईस बांधून घ्याव्यात असे ठरले. १८१० मध्ये जमशेदजींनी ७४ तोफांची 'मिंडेन' समुद्रात लोटली. ब्रिटनबाहेर ब्रिटिश आरमारासाठी बांधलेली एवढी मोठी ही पहिलीच युद्धनौका. कंपनीने त्यांना १८०४ मध्ये चांदीची मोजपट्टी भेट दिली होती. एका तैलचित्रात ही मोजपट्टी त्यांच्या कमरपट्ट्यात खोवलेली दिसते. सुताराला त्याच्या हत्याराहून अधिक शोभणारा दुसरा दागिना कोणता असणार!

त्यानंतर 'त्रिंकोमाली' या युद्धनौकेची पाळी आली. तिचे नकाशे घेऊन 'जावा' नावाचे जहाज इंग्लंडहून निघाले. पण डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी त्या जहाजाचा पराभव केला आणि नकाशे गेले. दुसरे नकाशे येईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. अखेर १८१६ मध्ये जहाजाच्या कण्याचे, म्हणजे तळाच्या मुख्य लाकडाचे, काम सुरू झाले. पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात उतरली.

१८२१ मध्ये जमशेदजी वारले आणि त्यांचे पुत्र नवरोजजी मुख्य बांधकारी झाले. परंतु काळ पालटत होता. वाफेची यंत्रे आली आणि त्यांच्या पाठोपाठ लोखंडी जहाजे. नुसत्या सागावर विसंबून चालणार नाही, हे घराण्यातील तरुणांनी ओळखले. जहांगीर नवरोजजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे चुलतभाऊ १८३८ मध्ये इंग्लंडला गेले आणि चॅटमच्या गोदीत शिकले. अर्देशीर खरशेदजी यांना तर लाकडापेक्षा यंत्रांचेच वेड अधिक. त्यांनी माझगावच्या आपल्या घरी गॅसचे दिवे लावून लोकांना चकित केले. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

तिकडे रानांचीही अवस्था बिघडत होती. जहाजे, घरे, जळण आणि पुढे रेल्वे यांसाठी झाडांवर कुऱ्हाड चालतच राहिली. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी मुंबईहून ठाण्यास धावली आणि दुसऱ्या वर्षी ती कल्याणास पोहोचली. १८७८ च्या कायद्याने सरकारने वनांवर कडक निर्बंध घातले. त्याची झळ ज्यांनी रान उजाड केले त्यांच्यापेक्षा रानातच राहणाऱ्या वारली, ठाकूर, कातकरी या लोकांना अधिक लागली. ज्या जळणफाट्यावर त्यांची चूल पेटे, तोच आता गुन्हा ठरू लागला. तक्रारी इतक्या वाढल्या की ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारला १८८५ मध्ये समिती नेमावी लागली. जहाजांच्या इतिहासात या लोकांची नावे आढळत नाहीत.

त्याच १८८५ पर्यंत मुंबईच्या गोदीतील मुख्य बांधकाऱ्याची जागा वाडिया घराण्याकडे होती. सुमारे दीडशे वर्षांत त्यांनी तीनशेहून अधिक जहाजे बांधली. घराण्यातील नवरोजजी वाडिया यांनी १८७९ मध्ये कापड रंगवण्याचा कारखाना काढला. तोच पुढे 'बॉम्बे डाइंग' म्हणून प्रसिद्धीस आला. ब्रह्मदेशातील सागाच्या व्यापारासाठी वॉलेस बंधूंनी १८६३ मध्ये स्थापलेली 'बॉम्बे बर्मा' ही कंपनीही कालांतराने वाडिया उद्योगसमूहात आली.

'त्रिंकोमाली' मात्र अजून तरंगते आहे. अनेक वर्षे ती मुलांना नौकानयन शिकवणारे जहाज होती. पुढे इंग्लंडमधील हार्टलपूल या गावी तिची डागडुजी झाली आणि आज तेथील गोदीत ती लोकांना पाहावयास खुली आहे. तिच्या सांगाड्याचा बराचसा भाग अजूनही मूळच्या सागवानाचा, मुंबईच्या सुतारांनी तासून बसवलेला आहे.