ए-झीरोची शीट अर्ध्यावर अडकली? हे करा

शीट सोडली, हातभर छापून झाली आणि प्लॉटरच्या पडद्यावर उमटलं ‘आउट ऑफ मेमरी’. घाबरू नका. मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं; ती एक शीट त्याला झेपत नसते, एवढंच. इथे या, सोबतच करू.

उदाहरणाला आपल्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्याचाच नकाशा घेऊ. ए-झीरो कागद, १:५०० प्रमाण. घरांच्या हद्दी, गल्ल्या, नाल्या, कडेला कंकाली तलाव आणि सगळ्याच्या खाली उपग्रहाची रंगीत प्रतिमा. मेमरीचं दुखणं सहसा अशाच शीटवर निघतं. कमांडची नावं ऑटोकॅडची देतो, प्लॉटरचे शब्द एचपी डिझाइनजेटचे. तुमच्याकडे दुसरं मशीन असेल तर शब्द थोडे बदलतील, क्रम बदलणार नाही. आणि क्रम मोडायचा नाही: सुरुवातीच्या पायऱ्या फुकटच्या आहेत, खिशात हात घालायला लावणारी पायरी अगदी शेवटी ठेवली आहे.

१. प्लॉटरवरचं कॅन्सलचं बटण एकदाच दाबा. कागद हाताने ओढू नका. मशीनला तो स्वतः कापू द्या. ओढलात तर रोल तिरका होतो आणि पुढची शीटही वाया जाते.

२. चूक कुठे दिसते आहे ते बघा आणि मोबाइलवर तिचा फोटो काढा. प्लॉटरच्या पडद्यावर असेल तर मेमरी प्लॉटरची अपुरी पडते आहे. कॉम्प्युटरवर असेल तर कॉम्प्युटरची किंवा त्याच्या डिस्कवरच्या जागेची. संदेश शब्दशः हवा. ‘काहीतरी मेमरीचं आलं होतं’ एवढ्यावर सर्व्हिसवालाही हात टेकतो.

३. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा. त्याआधी ऑफिसात आवाज द्या. याच कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कोणी प्रिंट सोडली असेल तर तीही जाणार आहे.

४. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स असं आत जा आणि त्या फोल्डरमधल्या फाइली पुसा. फाइली पुसायच्या, फोल्डर नाही.

५. स्पूलर पुन्हा सुरू करा. हे विसरलात तर पुढे एकही प्रिंट जाणार नाही आणि तुम्ही उगाच प्लॉटरवर संशय घ्याल.

६. प्लॉटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, मिनिटभर थांबा, मग चालू करा. भिंतीवरचा स्विच आधी पाडू नका. शाईची हेडं आपल्या जागी जाऊन झाकली गेली नाहीत तर वाळतात, आणि रायपूरच्या मे महिन्यात त्यांना वाळायला वेळ लागत नाही.

७. नव्या कोऱ्या फाइलमध्ये एक रेघ काढून ए-फोरवर छापा. तीही अडली तर दोष तुमच्या नकाशात नाही. तेव्हा इथेच थांबा, ड्रायव्हर काढून नव्याने टाका, केबल किंवा नेटवर्क तपासा आणि तरीही जमलं नाही तर सर्व्हिसवाल्याला बोलवा. रेघ नीट उमटली तर पुढे चला, आता नकाशाकडे वळू.

८. नकाशाची वेगळी प्रत काढा, नावात ‘हलका’ घाला आणि यापुढचं सगळं त्या प्रतीवर करा. मूळ फाइल बंद करून ठेवा. दोन्ही उघड्या असल्या की पंधराव्या मिनिटाला माणूस चुकीच्या फाइलमध्ये कापाकापी करत असतो.

९. ‘ऑडिट’ चालवा आणि चुका दुरुस्त करू का, या प्रश्नाला ‘येस’ म्हणा.

१०. एक्सरेफची यादी उघडा आणि या शीटवर न दिसणारं प्रत्येक एक्सरेफ ‘डिटॅच’ करा. नुसतं ‘अनलोड’ करून सोडू नका, चार दिवसांनी कोणीतरी ते परत लोड करतं. डिटॅच करण्याआधी मात्र बाकीच्या लेआउटवर एक नजर टाका. तिथे ते लागत असू शकतं.

११. ‘पर्ज’ चालवा. पुसण्यासारखं काही उरलं नाही असं दिसेपर्यंत परत परत चालवा, कारण एका ब्लॉकच्या पोटात दुसरा असतो आणि बाहेरचा गेल्याशिवाय आतला दिसत नाही.

१२. कमांड ओळीवर आधी आडवी रेघ देऊन ‘पर्ज’ लिहा आणि त्यात ‘रेगॅप्स’ निवडा. चार ठिकाणांहून चिकटवत आणलेल्या फाइलमध्ये हा कचरा डोंगराएवढा असतो, आणि साध्या पर्जच्या खिडकीत तो नजरेतून सुटतो.

१३. ‘ओव्हरकिल’ चालवून एकावर एक बसलेल्या रेघा काढा. टॉलरन्स अगदी लहान ठेवा. मोठा ठेवलात तर शेजारशेजारच्या दोन घरांची भिंत एक होऊन बसेल, आणि जुन्या वस्तीच्या नकाशात हा गोंधळ कोणाच्या लवकर लक्षात येत नाही.

आता प्रतिमेकडे. इथे घाई नको. अशा नकाशात सगळ्यात जास्त ओझं हिचंच असतं.

१४. प्रतिमेचे पिक्सेल बघा. फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. ए-झीरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. त्यावर १५० डीपीआयची प्रतिमा हवी तर साधारण ७००० बाय ५००० पिक्सेल पुरतात. भिंतीवर लावायच्या नकाशाखाली एवढं भरपूर झालं. तुमची प्रतिमा २८००० बाय २०००० असेल तर तुम्ही सोळापट माल विनाकारण वाहताय.

१५. फोटोच्या प्रोग्रॅममध्ये प्रतिमा त्या मापापर्यंत लहान करा आणि नव्या नावाने जतन करा. ऑटोकॅडमधल्या ‘क्लिप’वर भरवसा ठेवू नका. क्लिपने कडा फक्त दिसेनाशा होतात, फाइल तेवढीच जड राहते. आणखी एक: प्रतिमेसोबत जागा सांगणारी टीएफडब्ल्यू फाइल असेल तर ती जुन्या पिक्सेलच्या मापाची आहे, नव्या प्रतिमेला लावू नका.

१६. नकाशातली जुनी प्रतिमा काढून नवी जोडा.

१७. दोन ओळखीच्या खुणा जुळवून बघा. आपल्या नकाशात कंकाली तलावाचा एक कोपरा घ्या आणि त्याच्या समोरच्या टोकाचं एखादं गल्लीचं वळण. दोन्हीकडे रेघ आणि प्रतिमा एकमेकांवर बसली पाहिजे. एकच खूण बघून पुढे जाऊ नका. एका ठिकाणी जुळलेली प्रतिमा दुसऱ्या टोकाला सहज चार मीटर सरकलेली असते.

१८. हॅच तपासा. मोठं करून बघितल्यावर नुसता काळा पट्टा दिसतो ते हॅच पकडा आणि त्याचं स्केल वाढवा, नाहीतर तिथे सरळ ‘सॉलिड’ भरा. बारीक ठिपक्यांचं हॅच एखाद्या मैदानावर पसरलं की ठिपके लाखांत जातात.

१९. प्लॉटच्या खिडकीत ‘प्लॉट ट्रान्सपरन्सी’ची खूण काढा. ही खूण असली की ऑटोकॅड सगळ्या शीटचं चित्र करून पाठवतं, साध्या रेघांचंही. प्रतिमा फिकी हवी असेल तर तिचा ‘फेड’ वाढवा.

२०. त्याच शीटची आधी पीडीएफ काढा, ‘डीडब्ल्यूजी टू पीडीएफ’ निवडून. कागद पूर्ण मापाचा ए-झीरो ठेवा. पीडीएफच्या पर्यायांत रेघांना ६०० आणि प्रतिमांना १५० डीपीआय द्या. पीडीएफसुद्धा बनली नाही तर प्लॉटरला बोल लावू नका. घोळ अजून नकाशात किंवा कॉम्प्युटरमध्ये आहे. सी ड्राइव्हवर जागा आहे का बघा आणि पायरी नऊपासून पुन्हा या.

२१. पीडीएफ उघडा आणि बारीक अक्षरं वाचून बघा. घरांचे क्रमांक, मापं, उत्तर दिशेची खूण, कोपऱ्यातलं स्केल. गल्लीचं नाव हॅचखाली गेलं असेल तर ते पडद्यावर दिसलेलं बरं, रोलवर नको.

२२. ही पीडीएफ कॉम्प्युटरवरून प्लॉटरला पाठवा आणि मापात ‘ॲक्च्युअल साइझ’ निवडा. ‘फिट’ निवडलंत की १:५०० चं प्रमाण गेलं. अशी शीट महापालिकेच्या टेबलावर पट्टीने मोजली गेली तर आहे तशी परत येते. पेनड्राइव्हवरून पीडीएफ थेट छापायचा मोह होईल, पण ते सगळ्या मशीनना जमत नाही.

बहुतेक शीट इथे सुरळीत निघतात. निघाली तर सरळ पायरी २८ गाठा. नाही निघाली तर अजून पाच चाव्या आहेत.

२३. ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘डॉक्युमेंट ऑप्शन्स’, मग ‘प्रिंटर फीचर्स’ उघडा आणि ‘मॅक्स ॲप्लिकेशन रिझोल्यूशन’ ३०० करा. रंगीत ए-झीरोचं ६०० डीपीआयचं चित्र आवळण्याआधी दीड जीबीच्या वर जातं, ३०० चं सुमारे ४०० एमबी. डोळ्याला नकाशात फरक जाणवत नाही.

२४. तिथेच ‘सेंड जॉब ॲज बिटमॅप’ चालू करा. जुन्या मशीनच्या ड्रायव्हरमध्ये हे काम कॉम्प्युटरवर करायचं की प्रिंटरवर, असा पर्याय असतो. तिथे कॉम्प्युटर निवडा. आता सगळा भार कॉम्प्युटर उचलणार, तेव्हा बाकीचे प्रोग्रॅम बंद करा आणि ब्राउझरच्या खिडक्यासुद्धा.

२५. तरी अडलं तर ॲक्रोबॅटच्या प्रिंट खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण करा आणि ३०० डीपीआय द्या. वेळ लागेल. पट्टी हलत नाही म्हणून पुन्हा प्रिंट दाबू नका, दोन्ही कामं रांगेत अडकतील आणि तुम्हाला पायरी तीनपासून यावं लागेल. दुपारी वादळाचं चिन्ह असेल तर कॉम्प्युटर आणि प्लॉटर दोन्ही यूपीएसवर आहेत ना, तेवढं बघून घ्या.

२६. एवढं करूनही नाही म्हणत असेल तर शीट दोन तुकड्यांत छापा. जोडाच्या जागी दोन्हीकडे २० मिलिमीटर सामाईक भाग आणि जुळवणीची रेघ ठेवा. जोड दाट घरांतून नेऊ नका. रस्त्यावरून किंवा तलावाच्या पाण्यावरून न्या, तिथे तो लपतो. एक मात्र आहे, परवानगीसाठी द्यायची शीट जोडलेली चालेल का, हे आधी विचारून घ्या.

२७. मेमरी वाढवायचा विचार आता करा, त्याआधी नाही. प्लॉटरच्या मेनूतून माहितीचं पान छापा, त्यावर मॉडेल आणि सध्याची मेमरी लिहिलेली असते. ते पान हातात घेऊनच दुकानात जा. कॉम्प्युटरची रॅम दिसायला तशीच असते म्हणून घालू नका. कित्येक मॉडेलमध्ये जादा मेमरीला जागाच नसते, त्यामुळे पैसे देण्याआधी ‘या मॉडेलला बसते’ असं बिलावर लिहून घ्या.

२८. शीट बाहेर आली? कापू द्या, शाई वाळू द्या, लगेच गुंडाळू नका. पावसाळ्यात थोडं जास्तच थांबा. मग स्केलपट्टी घेऊन एक माहीत असलेलं अंतर मोजा: जागेवरचे ५० मीटर कागदावर १०० मिलिमीटर आले पाहिजेत.

२९. जी सेटिंग चालली ती ‘पेज सेटअप’ म्हणून नाव देऊन जतन करा. ‘ए-झीरो प्रतिमेसह’ असं स्पष्ट नाव द्या. ‘नवीन १’, ‘नवीन २’ नको, महिन्याभराने तुम्हालाच कळणार नाही कोणतं कशाचं. छापलेली पीडीएफ हलक्या फाइलशेजारीच ठेवा. आणखी एक प्रत मागायला कोणी आलं की ऑटोकॅड उघडायचीही गरज नाही, तीच पीडीएफ त्याच सेटिंगवर सोडा.