दूध आईचं, बाकीचं काम घराचं

बाळ अंगावर पीत नाही म्हणून सगळं दूध पंपाने काढून पाजणाऱ्या आया आणि त्यांच्या घरची माणसं या सदराकडे नेमाने प्रश्न पाठवतात. त्यांतले सहा प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझं बाळंतपण तेहतिसाव्या आठवड्यात झालं. बाळ तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. घरी आल्यावरही ते अंगावर ओढेना; दोन-चार घोट घेतं आणि झोपतं. आता ते अडीच महिन्यांचं आहे. दिवसरात्र मिळून आठ वेळा मी पंप लावते. काढायचं, पाजायचं, भांडी धुवायची, की पुन्हा काढायची वेळ होते. हे निभवायचं कसं? — एक आई, नाशिक

उत्तर : आधी हिशेब मांडू. एका वेळी २० मिनिटं धरली तर दूध काढण्याचे दोन तास ४० मिनिटं होतात. पाजून ढेकर काढायला दर वेळी अर्धा तास, म्हणजे चार तास. धुण्या-उकळण्याची दहा-दहा मिनिटं, म्हणजे आणखी एक तास २० मिनिटं. एकूण आठ तास. ही पुरती नोकरीची पाळी झाली, तीही रात्रपाळीसकट आणि साप्ताहिक सुट्टीशिवाय. तुम्ही थकता त्यात नवल नाही.

पण या आठ तासांत तुमच्यावाचून अडतं ते फक्त पहिल्या दोन तास ४० मिनिटांचं. उरलेले पाच तास २० मिनिटं घरातलं कोणतंही मोठं माणूस उचलू शकतं. पहिला उपाय हाच. दुसरा उपाय पंपाचा. तुमचा पंप एका वेळी एकाच बाजूला लागत असेल, तर दोन्ही बाजूंना एकदम लागणारा घ्या. रुग्णालयात वापरतात तसे मोठे पंप शहरांत भाड्याने मिळतात. काही महिन्यांसाठी तेच परवडतं. पंपाच्या वाट्या धरून ठेवणारी ब्रा घेतलीत तर हातही मोकळे राहतात.

तिसरा उपाय वेळा कमी करण्याचा. पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत दूध किती बनायचं हे शरीर ठरवत असतं. त्या काळात आठ-दहा वेळा दूध काढावंच लागतं. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून तेव्हा मध्यरात्रीनंतरची एक वेळ चुकवू नये असं सांगतात. एकदा दूध स्थिरावलं की अनेकींना सहा, पुढे पाच वेळाही पुरतात. तुम्ही त्या टप्प्याशी आला आहात. एक वेळ कमी करा, आठवडाभर २४ तासांची बेरीज बघा, ती टिकली तर पुढची. पहाटे १५० मिली आणि संध्याकाळी ६० मिली निघालं तर घाबरू नका, तसंच असतं. पहिला महिना उलटल्यावर सहा महिन्यांपर्यंत बाळं दिवसाला सरासरी ७०० ते ८०० मिली पितात, पण बाळागणिक यात मोठा फरक पडतो. तुमच्या बाळाला पुरतं की नाही हे त्याचं वजन आणि ओले लंगोट सांगतील.

आणि अंगावर पाजण्याची आशा सोडायचं कारण नाही. दिवस भरण्याआधी आलेली काही बाळं अंगात बळ आल्यावर उशिरा ओढायला शिकतात. पोट अर्धवट भरलेलं असताना त्याला उघड्या छातीशी घ्या आणि स्तनपान सल्लागाराला एकदा दाखवा.

प्रश्न : आमच्या वेळी बाळ रडलं की पान्हा फुटायचा. सून खोलीत बसून यंत्र लावते. यंत्राला पान्हा कसा फुटणार? आणि मी केलेले अळिवाचे लाडू ती खात नाही. — एक आजी, सातारा

उत्तर : आजी, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. बाळाच्या रडण्याने, स्पर्शाने, वासानेही आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध बाहेर ढकललं जातं. पंप नुसता ओढतो. ढकलायचं काम शरीरालाच करावं लागतं. म्हणून चांगला पंप आधी भराभर आणि हलका ओढतो, बाळ सुरुवातीला चुळबुळत ओढतं तसा. धार लागली की तो सावकाश आणि खोल ओढू लागतो. पंप लावण्याआधी कोमट कापडाचा शेक, बाळाचं झबलं जवळ घेणं, फोनमधला त्याचा आवाज ऐकणं, याने पान्हा लवकर फुटतो. घाई, वेदना आणि दाराबाहेरून येणारं ‘किती निघालं?’ याने तो अडतो. तो प्रश्न मात्र तुमच्या हातात आहे.

हातांचाही उपयोग मोठा आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉ. जेन मॉर्टन यांनी दिवस भरण्याआधी बाळंत झालेल्या आयांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. पहिल्या तीन दिवसांत हातानेही वरचेवर दूध काढणाऱ्या आणि पुढे पंप चालू असताना हाताने हलकं दाबत राहणाऱ्या आयांना अधिक दूध आलं.

राहिले लाडू. अळिवात लोह असतं, ओल्या बाळंतिणीला ते चांगलंच. पण दूध वाढतं ते मुख्यतः स्तन वरचेवर रिकामे झाल्याने. आत साचून राहिलेलं दूध शरीराला ‘आता पुरे’ असं सांगतं. म्हणून लाडू जरूर करा, तो पंप चालू असताना तिच्या तोंडात भरवा आणि तेवढा वेळ बाळाला तुम्ही सांभाळा. ती खाईल.

दुखत असेल तर ते सोसायचं नसतं. पंपाच्या वाटीचं माप स्तनाग्राच्या मापाशी जुळलं पाहिजे. डब्यात बहुधा २४ मिलिमीटरची वाटी येते आणि अनेकींना ती मोठी पडते. जोर वाढवल्याने दूध वाढत नाही, जखमा मात्र होतात.

प्रश्न : मी बाळाचा बाप. दूध काही मी काढू शकत नाही. मग नेमकं काय करू? — एक वाचक, पुणे

उत्तर : धुणं पूर्ण तुमच्याकडे घ्या. पंपाचे दूध लागणारे भाग आधी वाहत्या पाण्याखाली धरायचे. मग फक्त त्यांच्यासाठी ठेवलेल्या पातेल्यात साबण आणि वेगळा ब्रश घेऊन धुवायचे. थेट मोरीत किंवा सिंकमध्ये ठेवायचे नाहीत. दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळायचे आणि स्वच्छ कापडावर आपोआप वाळू द्यायचे. ओट्यावरच्या फडक्याने पुसायचे नाहीत. झडप नावाचा तो छोटा रबरी तुकडा उजेडात धरून पाहा. तो फाटला किंवा सैल झाला की पंपाचा जोर जातो, आणि घरात समज होतो की आईचं दूध आटलं. हा भाग जास्तीचा आणून ठेवा. भागांचे दोन-तीन संच घेतलेत तर रात्री धुवायला उठावं लागत नाही.

रात्रीचं एक पाजणं तुमचं. वाटी-चमचा, गोकर्ण, बाटली, काहीही असो, बाळाला जवळजवळ बसतं धरा आणि थांबत थांबत पाजा. त्याने तोंड फिरवलं की पुरे. बाटली संपवायचा आग्रह धरलात तर ते गरजेपेक्षा जास्त पितं आणि बायकोला वाटतं की आपलंच दूध कमी पडतंय.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा चढलेला असतो आणि वीज जाते. काढलेलं दूध किती टिकतं? फ्रिजमधल्या दुधाला साबणासारखा वास येतो, ते टाकायचं का? — एक मावशी, जळगाव

उत्तर : बाहेर चार तास टिकतं हे तुम्ही वाचलं असेल, पण तो आकडा २५ अंशांपर्यंतच्या खोलीचा आहे. जळगावच्या उन्हाळ्यात तो धरू नका. दूध काढलं की लगेच फ्रिजमध्ये. तिथे ते चार दिवस चांगलं राहतं, पण दारात नाही, आतल्या बाजूला. वेगळ्या दाराच्या, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये सहा महिने. एकदारी फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्याचा असा भरवसा नाही. तिथे महिन्यांचा साठा करू नका. बाळ दिवस भरण्याआधी झालेलं किंवा आजारी असेल तर रुग्णालयाने सांगितलेल्या मुदती पाळा, त्या कमी असू शकतात.

वीज गेली की फ्रिज उघडू नका. गोठलेल्या दुधात बर्फाचे कण दिसत असतील तर ते पुन्हा गोठवता येतं. फ्रिजमध्ये पूर्ण वितळलेलं दूध २४ तासांत वापरायचं. कोमट केलेलं किंवा बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांनंतर ठेवायचं नाही. गरम करताना बाटली गरम पाण्यात धरा, मायक्रोवेव्ह नको. डब्यावर तारीख आणि वेळ लिहा, आणि एका वेळी लागेल तेवढंच, ६० ते १०० मिली, भरा.

साबणासारखा वास हा दुधातल्या लायपेज नावाच्या विकराचा. ते चरबी फोडतं. बाळ पीत असेल तर दूध बेलाशक द्या. वर साय आली तर हलकेच गोल फिरवून मिसळा.

दूध उरत असेल तर जवळपास मानवी दूधपेढी आहे का ते विचारा. आशियातली पहिली दूधपेढी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली. पेटीतल्या इवल्या बाळांना ते दूध जातं. तपासणी न करता शेजारच्या बाळाला परस्पर दूध देऊ नका.

प्रश्न : रजा संपत आली. ऑफिसात पंप कुठे आणि कधी लावू? — एक वाचक, ठाणे

उत्तर : मातृत्व लाभ कायद्यातली रजा २०१७ सालच्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या मिळतात, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. या सुट्ट्या पंपासाठी मिळाव्यात आणि कडी लागणारी खोली मिळावी, असं मनुष्यबळ विभागाला रजेतच लेखी कळवा. स्वच्छतागृहात बसून बाळाचं दूध काढायला कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड डब्यात दूध संध्याकाळी घरी नेता येतं.

प्रश्न : पंप हातात घेतला की पोटात खड्डा पडतो, रडू येतं. दोन मिनिटांनी बरं वाटतं. आता नको झालंय. थांबले तर मी वाईट आई ठरेन का? — एक आई, कोल्हापूर

उत्तर : नाही. तुम्ही लिहिता तसं, दूध सुटण्याआधी अचानक उदास वाटणं आणि काही मिनिटांत ते ओसरणं, काही आयांना खरोखर होतं. त्याचा संबंध त्या क्षणी होणाऱ्या संप्रेरकांच्या बदलाशी जोडला जातो. तुमच्या मायेशी नाही. पण उदासी दिवसभर राहत असेल, बाळ झोपलेलं असूनही झोप येत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आजच डॉक्टरांना सांगा. ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक कोणत्याही वेळी लागतो.

थांबायचं ठरलंच तर एकदम थांबू नका, छाती दाटते आणि गाठी होतात. दर तीन-चार दिवसांनी एक वेळ कमी करा. एखादा भाग लाल होऊन दुखू लागला आणि ताप आला तर डॉक्टरकडे जा. तोवर थंड शेक द्या. गाठ जोरात चोळणं आणि ‘पार रिकामं करू’ म्हणून जास्तीचा पंप लावणं, दोन्ही टाळा. त्याने सूज वाढते.

शिवाय ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा नियम कुठेही नाही. दिवसात तीनच वेळा काढा आणि उरलेलं डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचं द्या. त्या तीन वेळांचं दूधही आईचंच दूध असतं.

शेवटी ही सहाही उत्तरं वाचणाऱ्या घरच्यांना एक विनंती. बाळाने किती मिली घेतलं याची वही बहुतेक घरांत असते. त्यात आणखी एक रकाना आखा : आई सलग किती तास झोपली. तो आकडा सतत चारच्या खाली राहिला, तर पंपाची एक वेळ कमी करा किंवा आणखी एक माणूस कामाला लावा.