राजाचे संग्रहालय

पुण्यात 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' आहे. पुष्कळांना वाटते, केळकर हे कुणी राजे असावेत. पण मराठी रीतीप्रमाणे आधी मुलाचे नाव येते, मग वडिलांचे. राजा हा दिनकर केळकरांचा एकुलता एक मुलगा. तो लहानपणीच वारला.

दिनकर केळकर (१८९६–१९९०) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. बादशहांची रत्ने गोळा करणारे पुष्कळ असतात. केळकर मात्र सामान्य घरांतील कलाकुसर शोधत गावोगाव हिंडले. दिवे, दौती, फण्या, अत्तरदाण्या, पाय घासायच्या वज्रीसुद्धा! अडकित्ते तर नाना आकारांचे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभारला.

संग्रह वीस हजार वस्तूंच्या घरात गेला. विकला असता, तर केवढा पैसा मिळाला असता! केळकरांनी तो सगळा महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. दारावर नाव मात्र राजाचेच राहिले.