वृक्षोद्यानास सरकारी मान्यता कशासाठीं?

पुण्याच्या गणेशखिंड बागेस महाराष्ट्र सरकारनें सन २०२० मध्यें जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली. झाडें उभींच आहेत, मग त्यांस कागद कशाला, असें पुष्कळ शेतकरी बांधवांस वाटेल. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. म्हणून कागदाची किंमत काय, हें वाचकांपुढें मांडतों.

ही बाग सन १८७३ सालची. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचें निवासस्थान तेव्हां गणेशखिंडींतच होतें. बागेचें क्षेत्र सुमारें ३३ हेक्टर, म्हणजे ८२ एकरांच्या आसपास आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या देखरेखीखालीं तेथें फळझाडांचें संशोधन चालतें व आंब्याच्या नाना जाती राखल्या जातात.

या राखणींतच शेतकऱ्याचें हित आहे. आपल्याकडील आंब्याची कोय लावल्यास झाड आईसारखेंच होईल असा भरवसा नसतो. जात शुद्ध राहावी तर कलमच बांधलें पाहिजे. त्याकरितां मातृवृक्षावरील तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड काडी निवडावी. आठ-दहा दिवस आधीं देठ राखून तिचीं पानें छाटावीं व डोळा फुगला म्हणजे ती खुंटावर बांधावी. परंतु मातृवृक्षच खात्रीचा नसेल, तर हें सारें कौशल्य व्यर्थ होय.

आम्हीं स्वतः हापूस म्हणून वीस कलमें विकत घेतलीं. पांचव्या वर्षीं फळ धरलें, तेव्हां सात झाडें भलत्याच जातीचीं निघालीं. पावतीवर मातृवृक्षाचा उल्लेख नव्हता. दाद कोणत्या आधारें मागावी? पैसे परत मिळालेही असते, पण गेलेलीं पांच वर्षें कोण देणार?

आतां कायद्याचें कलम पाहूं. जैविक विविधता अधिनियम, २००२, कलम ३७ अन्वयें राज्य सरकार स्थानिक संस्थांशीं विचारविनिमय करून राजपत्रांत अशा स्थळाची अधिसूचना काढूं शकतें. अधिसूचनेमुळें ज्यांचें आर्थिक नुकसान होईल, त्यांच्या भरपाईची योजना आखण्याची तरतूदही त्यांत आहे. तसेंच नागरी क्षेत्रांतील झाडांविषयींच्या १९७५ च्या कायद्यांत २०२१ सालीं दुरुस्ती होऊन ५० वर्षें वा अधिक वयाच्या झाडास ‘हेरिटेज वृक्ष’ मानलें गेलें.

दप्तराचा नियम असा कीं, ज्याची नोंद नाहीं तें वादाच्या वेळीं नसल्यासारखेंच. शहर वाढूं लागलें म्हणजे मोकळ्या दिसणाऱ्या जागेवर प्रथम दृष्टि जाते. राजपत्रांत नांव असलें तर निदान आधीं विचारावें लागतें. मात्र राजपत्र झाडास पाणी घालीत नाहीं. सातबाऱ्यावर नांव लागल्यानें जमीन नांगरली जात नाहीं, तसेंच हें आहे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत :

(१) प्रत्येक मातृवृक्षास क्रमांक देऊन त्याची जात व वय नोंदवावें.

(२) कलम विकतांना तो क्रमांक पावतीवर लिहावा. घेणाऱ्यानेंही तो मागून घ्यावा.

(३) त्याच कायद्यानें प्रत्येक ग्रामपंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समिति नेमावयाची असते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहींत आपल्या शिवारांतील जुना रायवळ आंबा, चिंच, जांभूळ यांची नोंद करवून घ्यावी.

गणेशखिंडीस मान्यता मिळण्यास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. बांधावरचा म्हातारा आंबा तितका काळ वाट पाहील, असें समजूं नये.