दवबिंदू आणि लोरिस

वनस्पति एका जागीं बसून राहते व प्राणी भक्ष्य शोधीत हिंडतो, असा भेद आम्हीं प्राथमिक शाळेंत पाठ केला होता. श्रीलंकेच्या नैर्ऋत्येकडील पावसाळी प्रदेशांतले दोन जीव या पाठाची चांगलीच परीक्षा पाहतात.

पहिला जीव म्हणजे दवबिंदू. शास्त्रीय नांव ड्रॉसेरा बर्मानी. रुपयाएवढी ही तांबूस वनस्पति पाणथळ जमिनीस चिकटून वाढते. आपल्या कोंकणांतील व कास पठारावरील ओलसर कातळांवरही ती आढळते. अशा मातींत नत्राचा तुटवडा असतो, म्हणून पानांवरील केसांच्या टोंकांस चिकट थेंब धरून ती किडे पकडते व त्यांतील नत्र शोषून घेते. ती केवळ किड्यांवर जगते हा मात्र गैरसमज होय. अन्न ती इतर झाडांप्रमाणें सूर्यप्रकाशांतच तयार करते. चार्ल्स डार्विननें १८७५ सालीं कीटकभक्षक वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्यांत दवबिंदूच्या दुसऱ्या एका जातीस मांसाचे कण देऊन केलेले प्रयोग आहेत.

दुसरा जीव तांबडा लोरिस. हा माकडांचा दूरचा आप्त, सिंहली भाषेंत उणहपुळुवा. शेपूट नाहीं, वजन शंभर-दीडशे ग्रॅम, आणि डोळे चेहऱ्याच्या मानानें केवढे मोठे! रात्रीं तो फांदीवरून इतका सावकाश सरकतो कीं पानही हालत नाहीं. जवळ आल्यावर किड्यावर एकदम झडप घालतो. इकडे दवबिंदूच्या कडेचे केस किडा लागतांच कांहीं क्षणांत आंत वळतात. तेव्हां मंद कोणास म्हणावें?

खरा भेद पुढेंच आहे. दवबिंदूचें बीज धुळीसारखें बारीक व विपुल असतें. लोरिसच्या मादीस एका वेळीं एक किंवा दोनच पिल्लें होतात. उणहपुळुव्याला आपलें पिल्लू म्हणजे रत्न वाटतें, अशी सिंहली लोकांत म्हण आहे. शिवाय तो सहसा भुईवर उतरत नाहीं. फांदीला फांदी भिडलेली असली तरच त्याची वाट चालते. चहाच्या मळ्यांनीं व वस्तीनें जंगलाचे तुकडे केले कीं ती खुंटते. त्याच्या डोळ्यांचें औषध होतें या खुळ्या समजुतीपायींही कित्येक लोरिस मारले गेले. आज ही जात संकटग्रस्त गणली जाते. हॉर्टन प्लेन्स या उंच पठारावरील त्याची उपजाति तर १९३९ नंतर साठांहून अधिक वर्षें कोणास दिसली नाहीं व ती नष्ट झाली असें सर्वांनीं धरून चाललें. २००२ सालीं ती पुन्हां दृष्टीस पडली, आणि पुढें कांहीं वर्षांनीं तिचीं छायाचित्रेंही निघालीं.