‘दि ओन्ली गर्ल’ की ‘ओन्ली अ गर्ल’? : इंग्रजीत ‘एकमेव’ कसं सांगायचं



आठवीच्या वर्गात ‘माझा परिचय’ इंग्रजीतून लिहायला दिला होता. वह्या तपासताना एका मुलीचं वाक्य समोर आलं : “आय ॲम ओन्ली अ गर्ल फ्रॉम माय वस्ती.” मी सवयीने लाल पेनाने खाली रेघ मारली आणि पुढे गेले. दोन ओळींनंतर मात्र थांबले. या वाक्याचा इंग्रजीत अर्थ होतो, ‘मी काय, वस्तीवरची एक साधी मुलगी.’ आणि ही मुलगी तर वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी!

दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावून विचारलं, “तुला नक्की काय म्हणायचं होतं गं?” ती म्हणाली, “बाई, आमच्या वस्तीवरून शाळेत येणारी मी एकटीच मुलगी आहे ना, ते.”

पाहा, केवढा फरक पडला! तिला अभिमानाने सांगायचं होतं आणि वाक्याने तिला कमी करून टाकलं. चूक होती फक्त दोन छोट्या शब्दांच्या जागेची. तिने लिहायला हवं होतं : “आय ॲम दि ओन्ली गर्ल फ्रॉम माय वस्ती हू कम्स टू धिस स्कूल.” म्हणून आजचा पाठ ‘ओन्ली’चा.

१) अडचण कुठे आहे?

मराठीत या अर्थाचे शब्द भरपूर आहेत. एकमेव, एकुलता एक, एकटा, एकच, फक्त, केवळ, आणि सगळ्यात लाडका म्हणजे शब्दाला मागून चिकटणारा ‘च’. यातली बरीचशी कामं इंग्रजीत एकटा ‘ओन्ली’ करतो. शब्द एकच, त्यामुळे अर्थ ठरतो तो जागेवरून आणि सोबतच्या ‘दि’, ‘ॲन’, ‘माय’ अशा शब्दांवरून. मुलांना आपण ‘ओन्ली म्हणजे फक्त’ एवढंच पाठ करायला लावतो आणि गडबड तिथूनच सुरू होते.

२) नामाच्या आधी ‘दि ओन्ली’ : म्हणजे एकमेव

‘ओन्ली’ जेव्हा विशेषण असतो तेव्हा तो नामाच्या आधी येतो आणि त्याच्याही आधी बहुतेक वेळा ‘दि’ असतो.

“शी इज दि ओन्ली डॉक्टर इन अवर व्हिलेज.” – त्या आमच्या गावातल्या एकमेव डॉक्टर आहेत.

आता ‘दि’ आणि ‘ओन्ली’ची अदलाबदल करा :

“ओन्ली द डॉक्टर नोज.” – फक्त डॉक्टरांनाच माहीत आहे.

पहिल्या वाक्यात गावात डॉक्टरच एक. दुसऱ्यात डॉक्टर किती आहेत याबद्दल काहीच म्हटलेलं नाही. माहिती असणारी व्यक्ती एक. मुलांना ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा. फरक चटकन लक्षात येतो.

‘दि’च्या जागी माय, हर, रवीज असे शब्दही येतात. “धिस इज माय ओन्ली पेन” म्हणजे माझ्याकडे हा एकच पेन आहे. “ओन्ली माय पेन इज ब्लू” म्हणजे फक्त माझाच पेन निळा आहे. इथेही तोच नियम.

३) ‘ॲन ओन्ली चाइल्ड’ : एकुलतं एक

‘ओन्ली’च्या आधी ‘ॲन’ येतो असं नेहमीचं ठिकाण म्हणजे एकुलतं एक मूल. “ही इज ॲन ओन्ली चाइल्ड” म्हणजे त्याला भाऊ-बहीण नाहीत. तीन वाक्यं एकत्र बघू :

“ही इज ॲन ओन्ली चाइल्ड.” – तो एकुलता एक आहे.
“ही इज दि ओन्ली चाइल्ड इन द रूम.” – खोलीत लहान मूल तो एकटाच आहे. (घरी चार भावंडं असू शकतात.)
“ही इज ओन्ली अ चाइल्ड.” – अहो, तो लहान आहे, जाऊ द्या.

शब्द जवळजवळ तेच, अर्थ तीन. पालकहो, शाळेच्या इंग्रजी फॉर्मवर किंवा मुलाखतीत मुलाची ओळख करून देताना हे उपयोगी पडेल. आणि “माय ओन्ली सन” म्हटलं की मुलगा एकच एवढंच कळतं. मुली असू शकतात.

मराठीत आपण एकुलता, एकुलती, एकुलतं असं लिंगाप्रमाणे बदलतो. ‘ओन्ली’ मात्र कधीच बदलत नाही.

४) अनेकवचनातही ‘दि ओन्ली’ चालतो

इथे मुलं हमखास अडखळतात. एकमेव म्हणजे एकच, मग नाम अनेकवचनी कसं? पण इंग्रजीत गट सुद्धा ‘ओन्ली’ असू शकतो.

“दीज आर दि ओन्ली बुक्स आय हॅव.” – माझ्याकडे एवढीच पुस्तकं आहेत.

अशा वेळी मराठीत ‘एकमेव’ कामाचा नाही, ‘एवढेच’ किंवा ‘हेच काय ते’ असं आपण म्हणतो. संख्येबरोबरही जागा सांभाळायची. “आय हॅव ओन्ली टू बुक्स” म्हणजे माझ्याकडे दोनच पुस्तकं आहेत. “दि ओन्ली टू बुक्स आय हॅव आर ओल्ड” म्हणजे माझ्याकडे जी दोनच पुस्तकं आहेत ती जुनी आहेत.

५) विशेषण जोडलं की दावा नेमका होतो

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग हा. ‘दि ओन्ली’ आणि नाम यांच्या मध्ये जे विशेषण येतं ते शोभेसाठी नसतं. कोणत्या गटात एकमेव, हे ते सांगतं. गणिताचं उदाहरण घ्या :

“टू इज दि ओन्ली ईव्हन प्राइम नंबर.” – २ ही एकमेव सम मूळ संख्या आहे.

‘ईव्हन’ काढा : २ ही एकमेव मूळ संख्या? नाही, ३, ५, ७ आहेतच. ‘प्राइम’ काढा : २ ही एकमेव सम संख्या? नाही, ४, ६, ८ आहेत. दोन्ही शब्द असतील तरच वाक्य खरं.

आता विज्ञान. “द मून इज अर्थ्स ओन्ली नॅचरल सॅटेलाइट.” यातला ‘नॅचरल’ गाळला तर वाक्य खोटं ठरतं, कारण माणसाने सोडलेले हजारो उपग्रह पृथ्वीभोवती फिरत आहेत. तसंच, “बॅट्स आर दि ओन्ली मॅमल्स कॅपेबल ऑफ ट्रू फ्लाइट.” इथे ‘ट्रू’ हवाच, कारण उडणारी खार हवेत तरंगत जाते, वटवाघळासारखी पंख मारून उडत नाही.

मोठ्या मुलांसाठी नोबेलचं उदाहरण द्या. मेरी क्युरी यांना १९०३ मध्ये भौतिकशास्त्राचं आणि १९११ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मग “शी इज दि ओन्ली पर्सन टू विन इन टू डिफरंट फील्ड्स” बरोबर का? नाही. लायनस पॉलिंग यांनाही १९५४ मध्ये रसायनशास्त्राचं आणि १९६२ मध्ये शांततेचं मिळालं आहे. ‘फील्ड्स’च्या जागी ‘सायन्सेस’ लिहा, म्हणजे दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखा, की वाक्य खरं होतं. एक नाम बदललं आणि खोट्याचं खरं झालं! यातच आणखी एक रचना मुलांना दाखवता येते : ‘दि ओन्ली पर्सन’नंतर ‘टू विन’. मराठीत तिथे ‘मिळवणारी’ असा शब्द येतो.

६) नेहमीच्या चुका

• “आय ॲम अलोन गर्ल इन द टीम.” – ‘एकटी’साठी मुलं ‘अलोन’ वापरतात. ‘अलोन’ नामाच्या आधी येत नाही. “आय ॲम अलोन” म्हणजे सोबत कुणी नाही. संघात एकटीच मुलगी असेल तर ‘दि ओन्ली गर्ल’.

• “धिस पेन इज ओन्ली.” – ‘हा एकच आहे’चं शब्दशः रूप. या अर्थाने ‘ओन्ली’ एकटा उभा राहत नाही, त्याला नाम तरी लागतं नाहीतर ‘वन’. “धिस इज दि ओन्ली वन.”

• “माय मदर ओन्ली टोल्ड मी.” – आपला ‘च’ शब्दाच्या मागे येतो, म्हणून मुलं ‘ओन्ली’ही मागे लावतात. भारतात हे बोलताना सर्रास चालतं आणि कळतंही. पण बाहेरचा वाचक त्याचा अर्थ ‘आईने नुसतं सांगितलं’ असा लावेल. ‘आईनेच सांगितलं’साठी “इट वॉज माय मदर हू टोल्ड मी” जास्त चांगलं. प्रत्येक ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’ नव्हे.

• उच्चार : ‘ओन्ली’ची सुरुवात स्वराने होते, म्हणून ‘द’ नाही तर ‘दि ओन्ली’, आणि ‘अ’ नाही तर ‘ॲन ओन्ली’.

७) घरी आणि वर्गात काय करून घ्याल?

प्रत्येक मुलाला स्वतःबद्दल ‘दि ओन्ली’ वापरून एक खरं वाक्य लिहायला सांगा. अट एकच, बाकीच्यांनी ते तपासायचं. “आय ॲम दि ओन्ली बॉय विथ अ सायकल” म्हटलं की लगेच दुसरा उठून म्हणतो, माझ्याकडेही आहे! मग पहिला विचार करतो आणि ‘रेड सायकल’ करतो. विशेषणाचं काम मुलं अशी खेळता खेळता शिकतात.

पालकहो, घरी जेवताना विचारा, आपल्या घरात ‘दि ओन्ली’ काय काय आहे? चष्मा असलेले एकटे आजोबा, कारलं आवडणारी एकटी आई. पाच मिनिटांत दहा वाक्यं होतात.

आणि शिक्षकांनो, एक विनंती. अशा वाक्याखाली नुसती रेघ मारू नका. आधी मुलाला विचारा, “तुला काय म्हणायचं होतं?” मी ते विचारलं नसतं, तर माझ्या विद्यार्थिनीच्या वहीत ‘मी काय, एक साधी मुलगी’ हेच राहिलं असतं. तिने नंतर वाक्य स्वतः दुरुस्त केलं, आणि शेवटी मी न सांगता एक शब्द वाढवला : “आय ॲम दि ओन्ली गर्ल फ्रॉम माय वस्ती हू कम्स टू धिस स्कूल नाऊ.” ‘नाऊ’ कशाला, विचारलं तर म्हणाली, “बाई, पुढच्या वर्षी माझी बहीण पण येणार आहे.”