डॅशबोर्ड खोलण्याआधी

किहीम, 9 डिसेंबर

चि. बाळू,

मनालीला निघालेल्या गिऱ्हाइकाच्या गाडीचा हीटर नुसती गार हवा फेकतो, तर हीटरचा कोअर बदलायला डॅशबोर्ड खोलू का, असं तू विचारलंस. इतक्यात खोलू नकोस. त्यात दिवस जातो, गिऱ्हाइकाचे पैसे जातात, आणि एकदा खोललेला डॅशबोर्ड पुढे खडखडत राहतो. आधी बोनेट उघड.

इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचं झाकण काढ. गरम झाकणाने भाजलेले हात मी पाहिलेत. हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनातलं गरम कूलंटच त्याच्या कोअरमधून फिरतं. ते कमी झालं की बऱ्याचदा सगळ्यात आधी हीटर गार पडतो.

कूलंट भरलेलं असेल तर इंजिन पंधरा मिनिटं चालव आणि काटा बघ. काटा चढतच नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, नाहीतर कुणीतरी काढून टाकलाय. आपल्याकडे हे दुसरं फार चालतं. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढायचा, ही कित्येक मेस्त्रींची खोड. मला ती मुळीच पटत नाही. साधारण 82 ते 88 अंशांना तो उघडू लागतो आणि इंजिन योग्य उष्णतेवर ठेवतो. तो नसला की इंधन जास्त जळतं, इंजिन लवकर झिजतं, आणि गाडी तापण्याचं खरं कारण तसंच राहतं.

काटा मधोमध असेल तर फायरवॉलमधून आत जाणारे दोन होस पाईप जपून चाचप. पंख्यापासून हात लांब ठेव. दोन्ही गरम असतील तर कोअर ठीक आहे, आतल्या फ्लॅपची केबल सुटलीय किंवा मोटर गेलीय. एक गरम, दुसरा गार, म्हणजे कोअर तुंबलाय किंवा हीटरचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही गार असतील तर हवा धरलीय का, पंप चालतो का, ते बघ. तुंबलेला कोअरही बेताच्या दाबाने उलट्या बाजूने पाणी सोडलं की अनेकदा मोकळा होतो. इथे लोक रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात, त्याचा क्षार आत धरतो.

हे सगळं काही न खोलता, नुसतं नीट बघून कळतं. 1930 च्या सुमारास पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी आपल्या किहीमलाच सुगरणीचे खोपे दिवसचे दिवस पाहिले, तेव्हा एकच नर एकामागून एक खोपे बांधून अनेक माद्यांशी संसार करतो हे त्यांना उमगलं. आपल्या कामालाही तशीच नजर लागते.

काटा लाल खुणेकडे आणि हीटर गार, असं दिसलं तर इंजिन त्याच क्षणी बंद कर. वडखळच्या कोंडीत गाडी तापू लागली की आपण हीटर पूर्ण गरम करून इंजिनाची उष्णता बाहेर काढतो. तेव्हाही गार हवाच आली तर कूलंट फिरत नाही असं समज. हेड गॅस्केट जायला मग वेळ लागत नाही.

मनालीच्या थंडीत साधं पाणी गोठून ब्लॉक तडकू शकतो. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भर. आणि कूलंट कमी झालेलं आढळलं, तर ते कुठून गेलं हे सापडेपर्यंत गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊ नकोस.

तुझा,
मामा